न दिलेली कळशी

१२ जानेवारी २००३, रविवार

आज खोटं नाव सांगितलं! ज्ञानदा पाटील, राहणार एव्हरशाईन सिटी. पस्तिशी उलटलेली बाई मी, आणि भलत्याच्या बागेत पकडलेल्या मुलीसारखं तोंडाला येईल ते नाव ठोकून दिलं. ज्ञानदा माझ्या वर्गात होती. तिला कळलं तर ती मला सोडायची नाही.

बोळिंजच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सासऱ्यांच्या 'पाणराखा' या पुस्तकमालेच्या वाचकांचा कट्टा भरतो, हे प्रकाशकांनी मागेच सांगितलं होतं. दादांना बोलावणंही होतं. पण अर्धांगाचा झटका आल्यापासून दादा गॅलरीपर्यंत जातात तेच खूप. म्हटलं आपण जाऊन यावं. सासऱ्यांची पुस्तकं वाचून माणसं काय बोलतात ते मागे बसून गपचूप ऐकावं. तर दारातच एका गृहस्थांनी अडवलं, "आपण?" रामनाथ मास्तरांची सून रीमा, असं सांगितलं असतं तर कोणी मोकळं बोललं नसतं. हे आपलं मी माझ्या मनाला सांगते आहे. खरं कारण वेगळं आहे आणि ते इथे लिहायचीसुद्धा लाज वाटते.

अडवणारे ते चंद्रहास. बँकेतून निवृत्त, मूळचे देवगडकडचे, कट्ट्याचे सर्वेसर्वा. 'चढत्या भाजणीचा सिद्धांत' म्हणून त्यांचा एक सिद्धांत आहे, तो फळ्यावर पायऱ्या काढून समजावतात. पहिल्या पुस्तकात आमच्या सुकूर टँकरवाल्यापुढे संकट काय, तर एक बावखल बिल्डरने बुजवलं आणि त्या तळ्याची राखीण, पाण्याची राखणदार देवता, बेघर झाली, तिला टँकरमध्ये बसवून कुठे न्यायचं. दुसऱ्यात अख्ख्या गावाची बावखलं बुजली. तिसऱ्यात बेघर राखिणी बिल्डिंगांच्या गच्चीवरच्या टाक्यांत शिरल्या. पाचव्यात खाडी उलटली. आठव्यात मुंबईचं पाणी, अकराव्यात समुद्र. "प्रत्येक वेळी संकट आधीपेक्षा मोठं. आता बारावा भाग, शेवटचा. समुद्राहून मोठं काय?" असं विचारून त्यांनी खडू खाली ठेवला. वीसेक माणसं होती. खरंच कोणी बुडायचं असावं तशी बसली होती.

हर्षवर्धन म्हणून एक इंजिनिअरिंगचा मुलगा आहे. त्याचं म्हणणं, सुकूर चौथ्या भागातच मेला, पुढे फिरतंय ते त्याचं भूत. "त्यानंतर त्याने एकदाही टँकरमध्ये डिझेल भरलेलं नाही. बघा तुम्ही!" मला मेलीला हसू आवरेना. दादा विसरले असणार. त्यांना कुठे गाडी चालवता येते.

येताना एसटीत मात्र हसू गेलं. एवढी माणसं वाट बघतात. आणि घरी काय आहे ते मला माहीत आहे.

१३ जानेवारी

घरी हे आहे —

दुपारचा चहा झाला की मी कागद घेऊन बसते. दादा सांगतात, मी लिहून घेते. उजवा हात गेल्यापासून असंच. सुरुवातीला बरं चाललं. अकरावा भाग तसाच पुरा झाला. आता दादा एक वाक्य सांगतात आणि पंख्याकडे बघत बसतात. आज म्हणाले, "लिही. सुकूरच्या बायकोनं दार उघडलं." म्हटलं, दादा, ती सातव्या भागात गेली ना. माझ्याकडे असे बघत राहिले, जणू तिला मीच मारली. मग डोळे भरून आले. झटक्यानंतर त्यांना रडू लवकर येतं. भाषाही बदलली. जन्मभर शाळेत शुद्ध बोललेला माणूस, आता त्यांच्या आईसारखं 'पानी' म्हणतो.

हरेश मला बाजूला घेऊन म्हणाला, "प्रकाशकांना सांगून टाकू या, नाही होणार म्हणून. का त्यांचे हाल करायचे?" नवरा बाजूला घेऊन बोलला, पण आमच्या घराच्या भिंती कागदाच्या. दादांनी ऐकलं. जेवले नाहीत. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "बारा म्हनून सांगितलंय मी लोकांना. दिवाळीला बारावं हातात घेईन, मग जाईन." कुठे जाणार ते विचारायची गरज नव्हती. दुसरा झटका आला तर काय, ते डॉक्टरांनी सांगून ठेवलंय.

तर खरं कारण हे. मी कट्ट्यावर ऐकायला गेलेच नव्हते. उचलायला गेले होते.

२० जानेवारी

चंद्रहासांचं 'समुद्राहून मोठं काय' घेऊन बसले. आभाळ फाटतं, ढगांतल्या राखिणी खाली उतरतात. तीन पानं लिहिली. वाचली. फाडली.

९ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा ज्ञानदा पाटील. या खेपेला नाव सांगताना अडखळलेसुद्धा नाही.

फ्लॉसी म्हणून एक बाई येतात, राजोडीच्या. शाळेत शिकवतात. पन्नाशीच्या असतील. मागच्या वेळी गप्प होत्या. आज चंद्रहास भूकंप, प्रलय, आभाळ करत करत फळ्याच्या वरच्या काठाला टेकले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता खाली या."

सगळे हसले. चंद्रहास म्हणाले, "फ्लॉसीबाई, एवढे जिने चढून गच्चीवर आल्यावर परत तळमजल्यावर कोण जातं हो?"

"टाकी रिकामी असली की जावंच लागतं," त्या म्हणाल्या. "पहिलं पुस्तक आठवा तुम्ही. सुकूर सोसायटीचा टँकर घेऊन चाललाय. वाटेत एक म्हातारी कळशी घेऊन उभी आहे. म्हणते, एक कळशी दे रे बाबा. हा म्हणतो, टँकर सोसायटीचा आहे, तुला देता येत नाही. आणि जातो निघून. मग त्याला राखीण भेटते आणि गोष्ट सुरू होते. त्या म्हातारीचं काय झालं? अकरा पुस्तकं हा माणूस जग वाचवत फिरतोय, आणि ती कळशी अजून द्यायची राहिलेली आहे. मला वाटतं, सगळं बिघडलं ते तिथे. शेवटच्या पुस्तकात त्याला जगबिग काही वाचवायचं नाही. मागे जायचंय आणि एका बाईला एक कळशी पाणी द्यायचंय. ते त्याला जमेल की नाही, याची मला भीती वाटते. समुद्राची नाही वाटत."

"हे अगदीच घरगुती झालं," चंद्रहास म्हणाले. हर्षवर्धन म्हणाला, "मग क्लायमॅक्स काय, आंटी? कळशी भरली?" फ्लॉसीबाईही त्यांच्याबरोबर हसल्या आणि खाली बसल्या.

मला हसू आलं नाही. पहिलं पुस्तक मी लग्नाआधी वाचलंय, लग्नानंतर कितीदा तरी वाचलंय. ती म्हातारी मला आठवतच नव्हती.

१० फेब्रुवारी

लिहिलं. चार पानं. त्या म्हातारीचंच लिहिलं.

११ फेब्रुवारी

दादांना वाचून दाखवलं. "काल तुम्ही सांगितलंत ते वाचते हं," असं म्हणून सुरुवात केली. सुकूर भर रस्त्यात टँकर वळवतो, मागे हॉर्न वाजतात, आणि त्याच्या लक्षात येतं की त्याला ती म्हातारी उभी होती तो नाकाच आठवत नाही. सगळ्या राखिणींचे पत्ते पाठ असलेला माणूस!

दादा डोळे मिटून ऐकत होते. वाचून झालं तरी डोळे मिटलेलेच. मला वाटलं झोप लागली. मग डोळे उघडून विचारलं, "असंच म्हनालो होतो ना मी?"

"हो दादा."

"हं," म्हणाले.

संध्याकाळी सुकटीच्या कालवणाशी दोनदा भात मागून घेतला. हरेश माझ्याकडे बघून हसला, किती महिन्यांनी! मी ताटावरून उठले, न्हाणीत गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाहेरून हरेश ओरडला, "पाणी वाया घालवू नको गं."

१९ फेब्रुवारी

रोज विचारतात. "असंच म्हनालो होतो ना मी?" रोज हो म्हणते. पहिल्या दिवशी जड गेलं. आता चहात साखर घातली का विचारल्यावर म्हणावं तसं तोंडातून येतं.

९ मार्च, रविवार

कट्टा. फ्लॉसीबाई स्वतःहून शेजारी येऊन बसल्या. "त्या दिवशी सगळे हसले, तुम्ही नाही हसलात," म्हणाल्या. पुढच्या रविवारी घरी बोलावलंय. नाही म्हणायला हवं होतं. कळशीच्या गोष्टीतलं आणखी काही काही विचारून घेता येईल, असं मनात आलं. आधी हेच आलं मनात!

१६ मार्च, रविवार

राजोडीला जाऊन आले. घर समुद्रापासून आत, वाडीत. मागे बावखल आहे, अजून आहे, पाण्यावर हिरवं शेवाळ. मी त्याच्याकडे बघतच राहिले. आमची बिल्डिंग उभी आहे ती दादांच्या बावखलावर. हरेश लहानपणी त्यात पोहायचा. दादांनी बिल्डरला ते बुजवू दिलं, आणि त्याच वर्षी पहिलं पुस्तक लिहायला घेतलं. हे मी तिथे कोणाला सांगणार! मी तर एव्हरशाईनची ज्ञानदा.

फ्लॉसीबाईंचे मिस्टर बेसिल. भला माणूस. पाट मांडून जेवायला बसवावं तसा आग्रह. मासळी, चिंच घालून केलेली भाजी, आणि गरमागरम फुगे. हे यांच्याकडे सणालग्नाला करतात, ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. "पाहुणी आली म्हणजे सणच," बेसिल म्हणाले.

मी मुद्दाम म्हातारीचा विषय काढला. फ्लॉसीबाई म्हणाल्या, "गावातल्या विहिरींवरनं टँकर भरून जायचे ना, त्या वर्षीची गोष्ट. आमच्याच नळाला पाणी नाही. एक दिवस मी कळशी घेऊन रस्त्यात उभी राहिले. शाळेतली बाई असून! ड्रायव्हर थांबला, खाली उतरला. म्हणाला, बाई, मला भरायला सांगितलंय, द्यायला नाही सांगितलं. त्याला वाईट वाटत होतं गं. तेच वाईट. वसकला असता तर मी विसरून गेले असते."

'गं' म्हणाल्या मला.

"माझी थिअरी खरी ठरली ना," निघताना म्हणाल्या, "तर सगळ्या कट्ट्याला फुगे खिलवीन. चंद्रहासांना दोन जास्त." सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा हातात दिला. घरी दादांनी चवीने खाल्ली. कुठून आणलीस विचारलं. बाजारातून, म्हटलं. खोटं बोलायला आता मला विचार करावा लागत नाही.

२८ मार्च

ड्रायव्हरचं ते वाक्य घातलं. 'मला भरायला सांगितलंय, द्यायला नाही.' जसंच्या तसं.

१३ एप्रिल, रविवार

कट्ट्याला गेले नाही. चोराच्या मनात चांदणं. हरेशला सांगितलं डोकं दुखतंय.

२ मे

हरेशने पानं वाचली. विचारतो, "हे दादांनी सांगितलं?"

"मग कोणी?"

"माझ्याकडे बघून सांग."

मी भेंडी चिरत होते. "तुला पुस्तक पाहिजे का साक्ष?" असं फाडकन बोलले. तो उठून गॅलरीत गेला. भांडला असता तर बरं झालं असतं. हा गप्प बसतो आणि मग मी एकटीच बडबडत राहते.

११ मे

नाही गेले.

८ जून

नाही गेले. दुपारी बाजारात फ्लॉसीबाई दिसल्या, मासळीवालीशी घासाघीस करत होत्या. मी पाठ फिरवली आणि छत्र्यांच्या दुकानात शिरले. एक छत्री घेऊन आले. घरात आधीच चार आहेत.

२२ जुलै

शेवट लिहून झाला.

सुकूरला म्हातारी सापडते. तो कळशी भरून पुढे करतो. आता तिने घेतली की सुटला. आणि ती घेत नाही. म्हणते, "आधी तू पी. एवढ्या वर्षांत कुणाच्या हातचं पाणी प्यायलास का?"

हे फ्लॉसीबाईंचं नव्हे. दादांचंही नव्हे. माझं आहे. भात उकळत होता, एकदम सुचलं, आणि मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली. इतका आनंद मला लग्नात झाला नसेल. आणि मग जी शरम वाटली! दुसऱ्याच्या घरात घुसून बसायचं, आणि आपण आणलेल्या एका पाटाचं कौतुक करायचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

दादांना वाचून दाखवलं. "परत वाच," म्हणाले. परत वाचलं. मग, "असंच म्हनालो होतो ना मी?"

"हो दादा."

भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चहा नको म्हणाले. थकले असतील.

५ ऑगस्ट

बाड पाठवलं.

१९ ऑगस्ट

प्रकाशकांचा फोन. "वहिनी, दादा काय फॉर्मात आहेत! ती म्हातारी कुठून काढली? आम्ही तर विसरलो होतो. शेवटी अनुभव तो अनुभव." मी हो हो करत होते. फोन ठेवला तर दादा विचारतात, "काय म्हनतात?" म्हटलं, तुमचं कौतुक करतायत. "बरं," म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. आजकाल फार बघतात माझ्याकडे. मीच उठून जाते.

१७ ऑक्टोबर

पुस्तक आलं. 'एक कळशी'. निळं कव्हर. दादांनी डाव्या हाताने धरलं, वास घेतला, छातीवर ठेवलं. "झाले बारा," म्हणाले. हरेश रडला. मीही रडले, पण माझं रडणं कशासाठी होतं ते मलाच ठाऊक.

म्हटलं, सुटले. दादांच्या हातात पुस्तक पडलं, आता कोणाला काय कळणार. तेवढ्यात प्रकाशकांचा निरोप: कट्ट्यावर नऊ नोव्हेंबरला सत्कार. मी म्हटलं रस्ते खराब, दगदग, थंडी पडेल. थंडी, वसईत! दादा म्हणाले, "मला वाचनारी मान्सं बघायचीत." झालं. त्याच्यापुढे कोण बोलणार.

आठ दिवसांत फ्लॉसीबाई वाचतील. आनंदाने नाचतील. त्यांना काय वाटेल, थिअरी खरी ठरली. त्यांना कुठे माहीत, ती खरी केली कोणी.

८ नोव्हेंबर

ताप येतो का बघितलं. आला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहून काढते. नाही लिहिलं तर उद्या यालाही मुलामा देईन.

हरेशने भाड्याची गाडी आणली. वाचनालयाच्या दारात त्याने आणि हर्षवर्धनने दादांची चाकाची खुर्ची उतरवली. हर्षवर्धन मला बघून म्हणाला, "अरे, ज्ञानदाताई! तुम्ही कुठे असता? आणि सरांबरोबर कशा?" मी काहीतरी पुटपुटले. हरेशने माझ्याकडे बघितलं. त्याचं ते गप्प बसणं.

आत सगळे उभे राहिले. टाळ्या. चंद्रहासांनी हार घातला, त्यांचेही डोळे ओले. फळ्यावर पायऱ्या काढल्या होत्या, अगदी वरपर्यंत, आणि शेवटच्या पायरीवरून एक लांब बाण खाली, तळाला, एका कळशीपाशी. "आम्ही सगळे हरलो," चंद्रहास म्हणाले. "फ्लॉसीबाई जिंकल्या. फेब्रुवारीत इथेच त्यांनी हे सांगितलं होतं आणि आम्ही हसलो होतो. लेखक आणि वाचक एकाच वेळी एकाच जागी पोहोचतात, याला काय म्हणायचं?"

फ्लॉसीबाई पहिल्या रांगेत. ठेवणीतला ड्रेस. मांडीवर मोठा डबा. मला बघून तोंडभर हसल्या, शेजारची खुर्ची थोपटली. मी दादांच्या खुर्चीच्या मागेच उभी राहिले.

तेवढ्यात दादांना खोकला आला. मान न वळवता म्हणाले, "रीमा, पानी दे."

मी पिशवीतून बाटली काढली. दुसरं काय करणार होते! झाकण उघडलं, दादांच्या तोंडाला लावली, हनुवटी पुसली. मग चंद्रहास म्हणाले, "म्हणजे तुम्ही..." आणि हरेशने सरळपणे सांगितलं, "माझी मिसेस. रीमा. दादांचं सगळं लिहून घेते तीच." चंद्रहास मोठ्याने हसले. "वा! म्हणजे घरचा हेर आमच्यात बसला होता!" बाकीचेही हसले. त्यांना ती गंमतच वाटली.

फ्लॉसीबाई हसल्या नाहीत. त्यांना पुरतं कळलं होतं. तोंडावर दिसत होतं.

त्या उठल्या. दादांसमोर आल्या. माझ्याकडे न बघता विचारलं, "सर, ती कळशी तुम्हाला कशी सुचली?"

दादांनी त्यांच्याकडे बघितलं. मग डावा हात उचलला आणि मागे माझ्याकडे दाखवला. "हिला विचारा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या! केवढा मोठेपणा, लेखनिकेलाही श्रेय देतात. चंद्रहास म्हणाले, "बोला वहिनी, दोन शब्द." फ्लॉसीबाई आता माझ्याकडे बघत होत्या. एक वाक्य पुरलं असतं. 'यांच्याकडून घेतलं.' मी मान हलवून नाही म्हटलं, लाजल्यासारखं केलं. लाजल्यासारखं! आणि लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

फ्लॉसीबाईंनी डबा उघडला. कबूल केलं होतं तसं सगळ्यांना फुगे वाटले. चंद्रहासांना दोन जास्त. माझ्यापाशी आल्या, माझ्या हातावर एक ठेवला. "घ्या," म्हणाल्या. मार्चमध्ये 'गं' म्हणाल्या होत्या.

१० नोव्हेंबर

हरेशला सगळं सांगितलं. म्हणाला, मे महिन्यातच समजलं होतं. म्हटलं, मग बोलला का नाहीस? "दादा जेवत होते," म्हणाला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

राजोडीला गेले. बेसिलने दार उघडलं आणि आत न बोलावता आत निघून गेले. मी पायरीवर उभी. फ्लॉसीबाई बाहेर आल्या. मी एका दमात सगळं सांगितलं. दादांचा हात, अडलेली पानं, उचललेली वाक्यं, ड्रायव्हर, सगळं. माफी मागितली. पुढच्या आवृत्तीत तुमचं नाव घालायला लावते म्हटलं.

"नाव कशाला?" म्हणाल्या. "कट्ट्यावर बोललेलं सगळ्यांचं असतं. माझी थिअरी छापून आली, मी दोन रात्री झोपले नाही आनंदाने. घेतलीस त्याचं मला काही नाही." आणि लगेच पुढे, "पण माझ्या घरात जेवलीस ती कोण होती? मी फुगे कोणासाठी तळले? ती बाई मला आवडली होती. ती तर नाहीच कुठे."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, जवळ आल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शेवटचं ते, म्हातारी म्हणते आधी तू पी. ते मी म्हटलं नव्हतं. सरांचं?"

मान हलवून नाही म्हटलं.

"तुझं?"

"हो."

"चांगलं आहे," म्हणाल्या, रागातच. "म्हाताऱ्याला सांगितलंस का हे सगळं?"

"नाही. त्यांना वाटतं, त्यांनीच सांगितलं. त्यांना आता कळलं तर..."

"मग माझ्याकडे आधी कशी आलीस? कुमसाराला, पाप कबूल करायला, गेलं तरी फादर हेच सांगतात, आधी ज्याचं बिघडवलंस त्याच्याकडे जा." आणि दार लावून घेतलं. हळूच लावलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

चहा झाल्यावर दादांना सगळं सांगितलं. ते पंख्याकडे बघत ऐकत होते.

मग म्हणाले, "झटका हाताला आला गं माझ्या. कानाला नाही आला. रोज विचारत होतो तुला. एकदा तरी नाही म्हनशील, म्हनून."